कपाळावरचे कुंकू लंबगोल का दिसते?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दूरचित्रवाणीवर किंवा मोबाइलवर एखादे जुने संगीत नाटक, कृष्णधवल चित्रपट किंवा मैफलीचे चित्रण लागते आणि बाईंच्या कपाळावरचे गोल कुंकू आडवे पसरलेले दिसते. डग्ग्याचे तोंड अंड्यासारखे होते, सडपातळ नट अंगाने भरलेले वाटतात. पाहणाऱ्याला वाटते, जुन्या काळचे चित्रणच तसे असणार. ते तसे मुळीच नव्हते. ४:३ च्या (रुंदी चार भाग, उंची तीन भाग) चौकटीतले चित्र १६:९ चा रुंद पडदा भरावा म्हणून कुणीतरी ताणून बसवलेले असते. उंची तेवढीच राहते आणि रुंदी बरोबर एक तृतीयांशाने वाढते. आम्ही व्हिडिओ संकलनाचे आणि जुन्या फिती डिजिटल करण्याचे काम करतो. ही चूक टाळायला महागडी यंत्रे लागत नाहीत, म्हणून हे सविस्तर पत्र.

मूकपटांची चौकट ४:३ ची होती आणि १९३०च्या दशकातल्या बोलपटांची तिच्या जवळपासचीच. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेही ४:३ मध्ये आणि १९८२ मध्ये रंग आले तरी चौकट बदलली नाही. म्हणजे नाटके, कीर्तने, शाहिरी, मुलाखती असा आपला मोठा ठेवा या जवळजवळ चौरस आकारात आहे. आज तो १६:९ च्या टीव्हीवर, उभ्या धरलेल्या मोबाइलवर, शाळेतल्या प्रोजेक्टरवर आणि मंडळाच्या एलईडी भिंतीवर दाखवला जातो. चित्राचा आकार पडद्याशी जुळला नाही तर दोनच प्रामाणिक वाटा उरतात. बाजूला काळी जागा सोडायची किंवा चित्राचा काही भाग कापायचा. ताणणे ही तिसरी वाट नाही, ती चूक आहे. ‘प्रेक्षकांना काळ्या पट्ट्या आवडत नाहीत’ हे कारण नेहमी पुढे केले जाते. पण पट्ट्या दोन मिनिटांत नजरेआड होतात, चपटा चेहरा शेवटपर्यंत खटकत राहतो.

फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेल. त्यात ४:३ चे चित्र १४४० बाय १०८० एवढे बसते आणि डावी-उजवीकडे २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात. हे योग्य आहे. पट्ट्या घालवायला चित्र मोठे करून वर-खाली कापले, तर १०८० पैकी ८१० ओळी उरतात, म्हणजे पाव चित्र गेले. लावणीच्या चित्रणात हे पाव चित्र कुठले? खालून कापले तर घुंगरू बांधलेली पावले जातात, वरून कापले तर अंबाडा आणि कपाळ जाते, मधोमध कापले तर दोन्ही थोडे थोडे जाते. कॅमेरामनने नखशिखान्त चौकट धरली होती ती नाच दिसावा म्हणून. मुलाखतीत डोक्यावरची मोकळी भिंत कापली तर फारसे बिघडत नाही. त्यामुळे कापायचेच असेल, तर प्रत्येक दृश्य पाहून चौकट वर-खाली सरकवावी. सगळ्या कार्यक्रमाला एकच कात्री लावू नये.

जुन्या फितीचे काम करताना क्रम फार महत्त्वाचा असतो. आधी इंटरलेस, म्हणजे ओळींची गुंतवण, काढायचे, मग कडा कापायच्या, मग आकार बदलायचा आणि सगळ्यात शेवटी काळ्या पट्ट्या जोडायच्या. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीत प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे फील्डची असते: एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम, सेकंदाला ५० फील्ड. या ओळी एकमेकींत गुंतलेल्या असतानाच उंची बदलली, तर हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात उमटतात आणि ते नंतर कशानेच निघत नाहीत. इंटरलेस काढताना सेकंदाला २५ नव्हे, ५० फ्रेम ठेवाव्यात. नाच, तबला, ढोलकी यांच्या चित्रणात हा फरक लगेच कळतो, कारण २५ फ्रेममध्ये ढोलकीवरची बोटे धुरकट दिसतात. डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) कॅसेटमध्ये खालचे फील्ड आधी येते, एचडीमध्ये बहुधा वरचे. सॉफ्टवेअरला उलटे सांगितले तर हालचाल मागे-पुढे हिसके देते. तसे दिसले की फील्डचा क्रम बदलून पाहायचा, एवढाच उपाय.

पाल चित्र ७२० बाय ५७६ असते. हे आकडे भागून पाहिले तर ४:३ येत नाही, कारण इथले पिक्सेल चौरस नसतात. खरे चित्र मधल्या ७०४ स्तंभांत असते आणि दोन्ही कडांचे आठ-आठ स्तंभ बहुतेक वेळा काळे किंवा फाटके असतात. ते कापून उरलेले ७०४ बाय ५७६ चौरस पिक्सेलमध्ये ७६८ बाय ५७६ करावे. पुढे ते बरोबर १.८७५ पटीने वाढवले की १४४० बाय १०८० मिळते. व्हीएचएसच्या चित्रात तळाच्या काही ओळींत वाकडीतिकडी खरखर दिसते. ती काळ्या पट्टीने झाकावी. ती कापून उरलेले चित्र पुन्हा चौकटभर ताणले, तर थोडीशी का होईना, प्रमाणाची चूक परत घरात येते. जुन्या एसडी (एचडीपूर्वीच्या, कमी पिक्सेलच्या) चित्राचे रंगगणित एचडीपेक्षा वेगळे असते. रूपांतर करताना सॉफ्टवेअरला एसडीच्या ६०१ या रंगमानकातून एचडीच्या ७०९ मध्ये नेत असल्याचे सांगितले नाही, तर लाल आणि हिरवा रंग किंचित सरकतो. कुंकवाचा आकार सांभाळला आणि रंग बिघडवला, असे होऊ नये.

रुंद चित्राचीही स्वतःची गंमत आहे. काही जुनी १६:९ चित्रणे त्याच ७२० बाय ५७६ मध्ये दाबून ठेवलेली असतात आणि फाइलच्या माथ्यावर ‘दाखवताना रुंद करा’ अशी खूण असते. काही प्लेअर ही खूण वाचतच नाहीत. मग माणसे उंच आणि किडकिडीत दिसतात. माणसे जाड दिसली तर ४:३ चे चित्र ताणलेले आहे, किडकिडीत दिसली तर रुंद चित्र दाबलेले आहे, एवढी ओळख पुरते. खरा घोटाळा १४४० बाय १०८० या आकड्याचा. चौरस पिक्सेल धरले तर हे ४:३ चे चित्र, पण एचडीव्ही (कॅसेटवर एचडी चित्रण करणाऱ्या) कॅमेऱ्याच्या फाइलचेही आकडे हेच आणि ती मात्र १६:९ ची. आकड्यांवरून निर्णय होत नाही. अशा वेळी चित्रात गोल वस्तू शोधावी: भिंतीवरचे घड्याळ, गाडीचे चाक, टाळ, कुंकू. पडद्यावर पट्टी धरून तिची रुंदी आणि उंची मोजावी. वस्तू कॅमेऱ्याच्या समोर आणि चौकटीच्या मधोमध असलेली निवडावी, कारण तिरकी वस्तू मुळातच लंबगोल दिसते. मीडियाइन्फो नावाचे मोफत सॉफ्टवेअर फाइलमधली खूणही दाखवते. लोकांना द्यायची प्रत मात्र नेहमी चौरस पिक्सेलमध्येच काढावी, म्हणजे खूण वाचण्या-न वाचण्याचा प्रश्नच उरत नाही.

चुकून ताणलेली १९२० बाय १०८० ची फाइलच हाताशी असेल, तर रुंदी १४४० करून दोन्ही बाजूंना २४० पिक्सेल काळे जोडले की चित्र दुरुस्त होते. ताणलेले चित्र परत आणता येते, कापलेले कधीच नाही. म्हणून मूळ प्रत कापू नये आणि तिच्यावर काळ्या पट्ट्याही छापून ठेवू नयेत. सिनेमास्कोपचा (अतिरुंद पडद्याचा) चित्रपट एकेकाळी ४:३ च्या फितीवर वर-खाली काळ्या पट्ट्यांसह उतरवला जाई. उंचीच्या २.३९ पट रुंद असे ते चित्र ७६८ बाय ५७६ मध्ये बसवले की खऱ्या चित्राला जेमतेम ३२१ ओळी मिळतात. तीच फीत पुढे १६:९ मध्ये बसवली की बाजूच्या पट्ट्या वेगळ्या जोडल्या जातात आणि चित्र चारी बाजूंनी काळ्या चौकटीत टपाल तिकिटाएवढे उरते. उपाय असा: आधी वर-खालचे काळे कापावे, मग चित्र १९२० बाय ८०४ करावे आणि वर-खाली १३८ पिक्सेल काळे ठेवावे. चित्र मऊ दिसेल, पण आकार आणि मोठेपणा दोन्ही नीट येतील. काळी कड आपोआप शोधणारी सॉफ्टवेअर वापरताना डोळ्यात तेल घालून पाहावे. रात्रीच्या काळोख्या दृश्यांवरून अंदाज बांधला, तर ती खऱ्या चित्रालाही काळी पट्टी समजून कापतात.

आता उभ्या मोबाइलकडे वळू, कारण आज सर्वांत जास्त नासधूस तिथे होते. १९२० बाय १०८० च्या आडव्या चित्रातून ९:१६ ची उभी चौकट काढली तर रुंदी ६०८ पिक्सेल मिळते. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहूनही कमी चित्र उरते आणि ते पावणेदोन पटीहून जास्त फुगवून १०८० बाय १९२० करावे लागते. नेमका भागाकार ६०७.५ येतो, पण रुंदी-उंची आणि कापण्याची सुरुवात हे आकडे नेहमी सम ठेवावेत. सर्वसाधारण व्हिडिओमध्ये रंगाची माहिती दोन-दोन पिक्सेलच्या गटाने साठवलेली असते. विषम आकडा दिला तर एन्कोडर (व्हिडिओ फाइल बनवणारे सॉफ्टवेअर) अडतो किंवा रंग कडेला अर्ध्या पिक्सेलने सरकतो. उभी प्रत लागणार हे आधीच माहीत असेल, तर चित्रण ३८४० बाय २१६० मध्ये करावे. मग उभी चौकट १२१६ बाय २१६० ची मिळते आणि चित्र फुगवण्याऐवजी थोडे लहान करावे लागते.

दिवाणखान्यातल्या नाटकाचे उदाहरण घ्या. एक पात्र डावीकडे सोफ्यावर, दुसरे उजवीकडे दारात. मधोमध उभी चौकट ठेवली तर प्रेक्षकाला टीपॉय आणि फुलदाणी दिसते. चौकट एका पात्रावरून दुसऱ्यावर सरकवत नेली, तर वाटेत पुन्हा तीच फुलदाणी, आणि संवाद जलद असेल तर पाहणाऱ्याला गरगरते. अशा जागी सरकवू नये, सरळ कट घ्यावा: बोलणाऱ्यावर एक, ऐकणाऱ्याच्या प्रतिक्रियेवर दुसरा. पात्र चालत असेल तरच चौकट त्याच्याबरोबर सरकवावी. ते निघाल्यावर क्षणभराने सुरुवात करावी आणि ते थांबताना सावकाश थांबावे. दोघेही एकाच वेळी दिसलेच पाहिजेत असा प्रसंग असेल, तर पडद्याचे वर-खाली दोन भाग करून प्रत्येकी १०८० बाय ९६० मध्ये एकेक पात्र बसवता येते. आणि वाद्यवृंदाचा किंवा समूहनृत्याचा प्रसंग असेल, तर न कापता पूर्ण आडवे चित्र १०८० बाय ६०८ मध्ये मधोमध ठेवावे. लहान दिसते, पण सगळे दिसते. वर-खालच्या रिकाम्या जागेत त्याच चित्राची धूसर प्रत हलती ठेवण्याची पद्धत आम्हाला पटत नाही. डोळा तिकडे ओढला जातो आणि फाइलचा डेटाही त्या धुक्यावर खर्च होतो. साधा काळा किंवा एकरंगी पडदा बरा. जिथे थोडा अधिक रुंद आकार चालतो तिथे ४:५ निवडावा. त्यात १९२० पैकी ८६४ पिक्सेल, म्हणजे ४५ टक्के रुंदी वाचते.

संकलनाच्या सॉफ्टवेअरमधली साधने, म्हणजे प्रीमियरमधले ऑटो रिफ्रेम किंवा डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओमधले स्मार्ट रिफ्रेम, चौकट हलवण्याची ही कामे आपोआप करतात. वेळ वाचतो हे खरे. पण यंत्र मुख्यतः चेहरा किंवा हालचाल यांच्या मागे लागते. तबलजी तुकडा वाजवत असताना ते गायकाच्या चेहऱ्यावर चिकटून बसते, कीर्तनकारांच्या हातातली चिपळी चौकटीबाहेर जाते, दोघे बोलत असतील तर ते मधेच घोटाळते. आधी आपोआप करून घ्यावे आणि मग प्रत्येक शॉट डोळ्यांखालून घालून हाताने दुरुस्त करावा. एका तासाच्या कार्यक्रमासाठी हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, आणि ते अंदाजपत्रकात धरलेच पाहिजे.

अक्षरांबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण देवनागरीचे प्रश्न इंग्रजी पुस्तिकांत सापडत नाहीत. नावांच्या पट्ट्या, सबटायटल, लोगो मूळ प्रतीवर कधीही छापू नयेत. अक्षरविरहित स्वच्छ प्रत वेगळी ठेवावी आणि अक्षरे प्रत्येक पडद्यासाठी नव्याने मांडावीत. आडव्या चित्रातली ‘ज्येष्ठ रंगकर्मी’ ही पट्टी उभ्या चौकटीत ‘ष्ठ रंगक’ एवढीच उरते. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात. दोन ओळींत रोमन अक्षरांएवढेच अंतर ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. ओळींमधले अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपट तरी हवे. आणखी एक गोष्ट शिरोरेघेची. इंटरलेस्ड प्रक्षेपणात एका ओळीएवढी बारीक आडवी रेघ एकाच फील्डमध्ये पडते आणि सेकंदाला २५ वेळा लुकलुकते. म्हणून टीव्हीसाठी शिरोरेघ किमान तीन ओळी जाड असलेला टंक घ्यावा, नाहीतर सगळे नावच थरथरते. १६:९ मध्ये अक्षरे चारी कडांपासून किमान ५ टक्के आत ठेवावीत, म्हणजे डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल. उभ्या व्हिडिओत कडेला ॲपची बटणे आणि मजकूर येतो. तिथे आम्ही वरचे सुमारे २५०, खालचे ४०० आणि उजवीकडचे १२० पिक्सेल मोकळे ठेवतो आणि अक्षरे ६० पिक्सेलपेक्षा लहान घेत नाही.

गणेशोत्सवात, लग्नात आणि सभांमध्ये आता एलईडी भिंती आल्या आहेत. मांडववाला सांगतो, ‘सोळा बाय दहा फूट’. व्हिडिओ तयार करणाऱ्याला फुटांचा काही उपयोग नाही, त्याने पिक्सेल विचारावेत. ३.९१ मिमी पिचच्या (दोन पिक्सेलमधल्या अंतराच्या) ५०० मिमी चौरस कॅबिनेटमध्ये, म्हणजे भिंतीच्या एका तुकड्यात, १२८ बाय १२८ पिक्सेल असतात. पाच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच भिंतीत अशी १० बाय ६ कॅबिनेट बसतात, म्हणजे १२८० बाय ७६८. हा आकार १६:९ नाही. प्रोसेसरवर (भिंतीला चित्र पुरवणाऱ्या यंत्रावर) ‘फुल स्क्रीन’ दाबले की चित्र उभे ताणले जाते. त्यापेक्षा संकलनाची टाइमलाइनच १२८० बाय ७६८ ची करावी. तसे जमत नसेल, तर चित्र १२८० बाय ७२० ठेवून वर-खाली २४-२४ पिक्सेल काळे सोडावेत. काही ठिकाणी प्रोसेसर १९२० बाय १०८० चा सिग्नल घेऊन त्याचा डावीकडचा वरचा कोपरा भिंतीएवढा कापून जसाच्या तसा दाखवतो. तेव्हा चित्र त्या कोपऱ्यात मांडावे लागते. हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी विचारले तर दहा मिनिटांचे काम असते.

शाळा आणि वाचनालयांतले प्रोजेक्टर बहुधा १०२४ बाय ७६८ किंवा १२८० बाय ८०० चे असतात. पहिल्यावर १६:९ चे चित्र वर-खाली ९६ पिक्सेल काळे सोडून बसते, दुसऱ्यावर ४०. लॅपटॉपचे रिझोल्यूशन प्रोजेक्टरच्या मूळ रिझोल्यूशनएवढे करावे आणि प्रोजेक्टरच्या मेनूत आस्पेक्ट (चित्राचे प्रमाण) ‘ऑटो’ ठेवावा, ‘फुल’ नव्हे. प्रोजेक्टर खाली ठेवून तोंड वर केले की चित्र वर रुंद, खाली अरुंद होते. ते कीस्टोनच्या बटणाने सरळ केले तरी काही पिक्सेल वाया जातात आणि बारीक अक्षरे फुटतात. टेबल उंच करून प्रोजेक्टर सरळ लावावा.

चित्रपटगृहासाठी १६:९ चा माहितीपट देताना तो १९९८ बाय १०८० च्या फ्लॅट चौकटीत ठेवावा. दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेल काळे येतात, ते अंधारात जाणवतही नाहीत. स्कोपची चौकट २०४८ बाय ८५८ ची असते. तिच्यात १६:९ बसवायचे तर चित्र लहान होते किंवा वर-खाली बरेच कापले जाते, म्हणून कारण नसताना तिच्या वाटेला जाऊ नये.

वाचकांनी घरी करण्यासारखी गोष्टही आहे. सेट टॉप बॉक्स आणि टीव्ही या दोघांनाही चित्राचा आकार बदलण्याची सोय असते आणि दोघांनीही ती वापरली की चूक दुप्पट होते. बॉक्सवर टीव्हीचा आकार १६:९ आणि चित्र ‘मूळ प्रमाणात’ ठेवावे. टीव्हीवर ‘झूम’, ‘वाइड’ बंद करून ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘ओरिजिनल’ निवडावे. त्यानंतरही जुन्या कार्यक्रमातले कुंकू लंबगोल दिसत असेल, तर दोष पाठवणाऱ्याकडे आहे, असे खुशाल समजावे आणि वाहिनीला कार्यक्रमाचे नाव आणि वेळ देऊन तसे कळवावे. नाट्यसंस्था, संगीत मंडळे आणि वाहिन्या यांच्याकडे आमची मागणी एवढीच आहे: फिती डिजिटल करताना मूळ आकाराची, न कापलेली, पट्ट्या आणि अक्षरे नसलेली एक प्रत दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, आणि फाइलच्या नावातच तिचे प्रमाण लिहा. ‘४बाय३_मूळ’ एवढे लिहिले तरी पुढचा संकलक ती ताणायच्या आधी थांबेल.

आपले,
व्हिडिओ संकलन व फीत-रूपांतर करणारे काही तंत्रज्ञ, पुणे